पाठीतलं पाणी आलं की आधी घड्याळ बघायचं

वॉर्डातले मामा सीएसएफचे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचे बल्ब (नमुन्याच्या नळ्या) घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी आले की मी आधी घड्याळ बघते, मग बल्ब. फॉर्मवर एलपीची (पाठीत सुई टोचून पाणी काढल्याची) वेळ लिहिलेली नसेल तर मामांना तिथंच थांबवते आणि वॉर्डात फोन लावते. नवीन लागलेल्या मुलींना हे खडूसपणाचं वाटतं. "मॅडम, दहा-वीस मिनिटांनी काय होतंय?" होतं. रक्तातल्या पेशींना आजूबाजूच्या प्रथिनांचा आधार असतो. या पाण्यात प्रथिनं नावापुरतीच, त्यामुळे पेशी त्यात फार वेळ तग धरत नाहीत. बल्ब नुसता टेबलावर राहिला तर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तासाभरात साधारण एक तृतीयांशाने घटतात आणि दोन तासांत निम्मे होतात. ११ वाजता काढलेलं पाणी तुम्ही डबा खाऊन १ वाजता मोजलंत, तर २०० न्यूट्रोफिलचे १०० झालेले असतात आणि रिपोर्टवर सही तुमची असते.

मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २३ वर्षं काम करते. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झाले आणि तेव्हापासून हेच. आमच्याकडे न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) आहे, एक सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर आहे, साधा सेंट्रिफ्यूज (नमुना गरागरा फिरवून पेशी तळाला बसवणारं यंत्र) आहे. पेशी थेट स्लाइडवर बसवणारं सायटोस्पिन नाही. खाली लिहिलंय ते आमच्यासारख्याच ठिकाणी रात्रपाळीला एकट्या असणाऱ्या मुलामुलींसाठी. मोठ्या लॅबमध्ये यातलं निम्मं मशीन करतं. त्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

पुस्तकात या द्रवाला प्रमस्तिष्क मेरुद्रव म्हणतात. एवढं म्हणेपर्यंत दोन न्यूट्रोफिल फुटतील. आम्ही सीएसएफ म्हणतो, नातेवाईक पाठीतलं पाणी म्हणतात. हे नातेवाईक आपल्या खिडकीशीही येतात, कारण डॉक्टर राउंडला गेलेले असतात. "ताई, पाणी काढलं तर पोरगं लुळं पडतं म्हणतात, खरं का?" उत्तर तयार ठेवा. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी साधारण १२५ ते १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं, म्हणजे तासाला वीसेक मिली. काढलेले चार-पाच मिली जेवणवेळेच्या आत भरून निघतात. सुईसुद्धा मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली टोचतात. एवढं सांगितलं की माणूस जरा सैल होतो. पण आपण स्वतःशी दुसरी बाजू लक्षात ठेवायची. लघवी परत मागता येते, रक्त परत काढता येतं. कळवळणाऱ्या लेकराला पुन्हा वाकवून धरा, असं वॉर्डाला सांगायची वेळ आपल्या चुकीने येऊ नये.

वॉर्डाला आधीच सांगून ठेवायच्या गोष्टी

तीन प्लेन बल्ब, निर्जंतुक, घट्ट झाकणाचे. त्यावर १, २, ३ असे आकडे पाणी ज्या क्रमाने पडलं त्या क्रमाने. पहिला बायोकेमिस्ट्रीला, दुसरा कल्चरला (जंतू वाढवून बघायला), तिसरा पेशी मोजायला. कारण साधं आहे. सुई जाताना कातडीवरचे जंतू आणि फुटलेल्या शिरेतलं रक्त पहिल्या बल्बात येतं. साखर आणि प्रथिनांना थोडं चालतं, कल्चरला जंतू चालत नाहीत आणि काउंटला रक्त चालत नाही. प्रत्येकात एक ते दोन मिली असलं की काम भागतं. टीबीचा संशय असेल तर जास्त मागा, ते पुढे येईल. सोबत त्याच वेळचं रक्त साखरेसाठी फ्लोराइड बल्बात. हे रक्त येत नाही म्हणून मी जितके फोन केलेत तितके माहेरी केले नसतील.

कधी कधी एकच बल्ब येतो, त्यात अर्धा-पाऊण मिली. अशा वेळी आधी कल्चर आणि ग्रॅम (जंतू रंगवून बघायची स्लाइड), सगळी निर्जंतुक काळजी घेऊन, मग काउंट, उरलं ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरच्या पाण्यावर साखर-प्रथिनं. उलटं केलंत, म्हणजे चेंबर भरायला पिपेट आधी बुडवलंत, तर कल्चरमध्ये काय उगवलं याचा भरवसा उरत नाही.

हातमोजे घाला, बल्ब हळू उघडा, जमलं तर सेफ्टी कॅबिनेटमध्ये. आमचे जुने सर तोंडाने पिपेट ओढायचे. ते नशीबवान होते म्हणून आपणही असूच असं नाही.

आधी डोळ्याने

यंत्राआधी दोन मिनिटं डोळ्याला द्या. तशाच एका बल्बात डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवा, दोन्ही शेजारी धरा, मागे छापील कागद. चांगलं सीएसएफ आणि डिस्टिल्ड वॉटर यांत फरक ओळखू येत नाही, अक्षरं दोन्हींतून सारखीच कोरीव दिसतात. अक्षरांच्या कडा पुसट झाल्या की समजायचं, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला दोनशेच्या वर किंवा लाल पेशी चारशेच्या वर असणार. मात्र उलट बाजूने फसू नका. पन्नास-शंभर पेशी असलेलं पाणी डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतं. "क्लिअर आहे, नॉर्मलच असेल" असं म्हणून चेंबर न भरता रिपोर्ट टाकणारे मी पाहिलेत.

पू करणाऱ्या जंतूंच्या मेंदूज्वरात, म्हणजे पुवाच्या केसमध्ये, पाणी पातळ पेजेसारखं दिसतं. टीबीत बरेचदा स्वच्छ किंवा किंचित धुरकट, आणि बल्ब काही तास हलवला नाही तर मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू लोंबायला लागतो. म्हणून टीबीचा संशय असलेल्या बल्बातलं थोडं पाणी मी बाजूला काढून न हलवता रात्रभर ठेवते. सकाळी जाळं धरलं असेल तर ते अलगद स्लाइडवर उतरवून झील-नील्सन (टीबीचे जंतू दाखवणारा रंग) करायचं. जंतू त्या जाळ्यात अडकलेले असतात, नुसत्या पाण्यात शोधत बसण्यापेक्षा तिथं सापडण्याची शक्यता जास्त.

लाल पाणी आलं तर तिन्ही बल्ब ओळीने उभे करा. पहिला लाल, दुसरा गुलाबी, तिसरा जवळपास स्वच्छ, तर सुईने शीर फुटली. तिन्ही सारखेच लाल असतील तर डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. मग लगेच थोडं फिरवून वरचं पाणी बघा. सुईच्या रक्तात ते बिनरंगाचं राहतं, जुन्या रक्तस्रावात पिवळसर किंवा गुलाबी. 'लगेच' हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण लाल पेशी दोन-चार तासांत फुटायला लागतात आणि तुमच्या टेबलावर फुटल्या तरी पाणी रंगतंच. पिवळा रंग काविळीतही येतो, आणि प्रथिनं डेसीलिटरला १५० मिलीग्रॅमच्या वर गेली तरी येतो. म्हणून रिपोर्टवर दिसलेला रंग लिहा, त्याचं कारण डॉक्टरांवर सोडा.

चेंबर भरणं

इथे मात्र घाई नको. बल्ब हलवू नका. दोन तळहातांत धरून रवीसारखा पाच-सात वेळा फिरवा. पेशी तळाला बसलेल्या असतात, न फिरवता वरचं पाणी घेतलंत तर काउंट शून्य येतो.

चेंबर आणि कव्हर स्लिप स्पिरिटने पुसून कोरडी करा. कव्हर स्लिप दोन्ही कठड्यांवर दाबून बसवली की कडेला तेलकट पाण्यावर दिसतात तशा रंगीत रेघा उमटतात. त्या दिसल्या तर खोली ०.१ मिमी बरोबर आहे. दिसल्या नाहीत तर पुन्हा पुसा. मग पिपेटचं टोक कडेला तिरकं टेकवा आणि पाणी आपोआप आत ओढलं जाऊ द्या. बाजूच्या चरात उतरलं किंवा मध्ये बुडबुडा राहिला तर ते चेंबर गेलं. धुवा, पुन्हा भरा. भरल्यावर पेट्रीडिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर पाच मिनिटं झाकून ठेवा. पेशी खाली बसतात आणि पाणी सुकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. पंख्याखाली उघडं ठेवलेलं चेंबर तीन मिनिटांत कडेने सुकायला लागतं.

पाणी स्वच्छ असेल तर एक चेंबर तसंच, न मिसळता भरा आणि त्यात लाल-पांढऱ्या मिळून सगळ्या पेशी बघा. दुसरं रंग मिसळून. १८० मायक्रोलिटर सीएसएफमध्ये २० मायक्रोलिटर डब्ल्यूबीसी फ्लुइड. त्यातलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लाल पेशी फोडतं आणि जांभळा रंग पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला चढतो. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा, दहाच्या लेन्सवर नऊही मोठे चौकोन मोजा. डाव्या आणि वरच्या रेषेवर बसलेल्या पेशी धरायच्या, उजव्या आणि खालच्या सोडायच्या. हा नियम रोज पाळा, नाहीतर एकच पेशी दोन चौकोनांत मोजली जाते.

हिशेब असा. एक मोठा चौकोन १ चौरस मिमी, खोली ०.१ मिमी, म्हणजे नऊ चौकोनांत ०.९ मायक्रोलिटर. न मिसळलेल्या पाण्यात नऊ चौकोनांत ४ पेशी दिसल्या तर ४ गुणिले १० भागिले ९, म्हणजे साडेचारच्या आसपास. मोठ्या माणसात पाचपर्यंत ठीक. नवजात बाळात वीसच्या आसपासही चालतात, त्यामुळे फॉर्मवरचं वय वाचल्याशिवाय 'वाढलेत' म्हणून धावत सुटू नका. वरच्यासारखा रंग मिसळला असेल तर आणखी एकदा १० भागिले ९ ने गुणायचं. दोन्ही मिळून १.२३. नऊ चौकोनांत १४६ पेशी, तर काउंट १८०. पाणी पेजेसारखं असेल तर नऊ चौकोन मोजताना डोळे जातील. २० मायक्रोलिटर सीएसएफ ३८० मायक्रोलिटर फ्लुइडमध्ये घाला, चार कोपऱ्यांचे चौकोन मोजा आणि ५० ने गुणा. दोन्ही बाजू भरा, दोन्ही मोजा. एका बाजूला २० आणि दुसरीला ४५ असेल तर सरासरी काढू नका, पुन्हा भरा.

रक्त मिसळलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशींतल्या किती रक्तातून आल्या, हे डॉक्टर विचारतातच. ढोबळ हिशेब ५०० ते १००० लाल पेशींमागे एक पांढरी, आणि दर हजार लाल पेशींमागे १ मिलीग्रॅम प्रथिनं वजा. पण आमच्या भागात हा ढोबळ हिशेब मला आवडत नाही. सिकलसेल आणि रक्तक्षय घरोघरी, त्यामुळे रक्तातच लाल पेशी कमी असतात. समजा मुलाच्या रक्तात पांढऱ्या पेशी १४,००० आणि लाल ३५ लाख. म्हणजे २५० लाल पेशींमागे एक पांढरी. सीएसएफमध्ये ७,००० लाल आणि ३० पांढऱ्या दिसल्या, तर त्यातल्या २८ रक्ताच्याच. ढोबळ ७००च्या आकड्याने गेलात तर दहाच वजा होतात आणि वीस पेशी जास्तीच्या दिसतात. त्यामुळे मी त्याच दिवसाचा सीबीसी (रक्तपेशींचा काउंट) मागवते, रिपोर्टवर दोन्ही कच्चे आकडे लिहिते आणि वजाबाकी फोनवर सांगते. वजा करून एकच आकडा छापणं मला पटत नाही.

जे लिम्फोसाइट नव्हते

चेंबरमध्येच न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) किती, असं अंदाजाने सांगायची सवय लागते. ती सोडा. नोकरीच्या सहाव्या वर्षी मी एक रिपोर्ट दिला होता: ४० पेशी, लिम्फोसाइट १०० टक्के. पेशंटचं तीन आठवडे डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरने येऊन इंडिया इंकची (काळ्या शाईत बुरशी बघायची) तपासणी मागितली. उरलेलं पाणी फिरवून तळाचा थेंब शाईत घेतला, तर काळ्या पडद्यावर पांढरी वर्तुळंच वर्तुळं. क्रिप्टोकॉकस. आदल्या दिवशी मी मोजले ते निम्म्याहून जास्त बुरशीचे गोळे होते. परत चेंबर भरलं आणि काय चुकलं ते दिसलं. लहान-मोठे आकार, आत रंगलेलं केंद्रक नाही, एकाला दुसरा छोटा चिकटलेला. लाल पेशी म्हणाव्यात तर अ‍ॅसिडमध्ये फुटल्या असत्या. हे सगळं आदल्या दिवशीही तिथंच होतं.

तेव्हापासून कितीही कमी पेशी असोत, स्लाइड रंगवल्याशिवाय डिफरन्शियल (कोणत्या प्रकारच्या पेशी किती) देत नाही. सायटोस्पिन नसेल तर पाणी १५०० आरपीएमला पाच ते दहा मिनिटं फिरवा, वरचं पाणी दुसऱ्या बल्बात काढून साखर-प्रथिनांना ठेवा. ते ओतून देऊ नका. तळाच्या थेंबात ब्लड बँकेतल्या २२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिनचा छोटा थेंब मिसळा, नाहीतर रंगवताना पेशी धुऊन जातात. पसरवा, हवेवर सुकवा, लिशमनने रंगवा. शंभर पेशी मिळाल्या नाहीत तर टक्केवारीचं नाटक नको. "३० पेशी मोजल्या, २६ लिम्फोसाइट, ४ न्यूट्रोफिल" असं सरळ लिहा. न्यूट्रोफिल जास्त म्हणजे पू आणि लिम्फोसाइट जास्त म्हणजे टीबी किंवा व्हायरस, हे पहिल्या वर्षाचं ज्ञान. टीबीत आणि व्हायरल तापात पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल जास्त असू शकतात, आणि गावच्या डॉक्टरांकडे आधीच इंजेक्शनं घेऊन आलेल्या पुवाच्या केसमध्ये लिम्फोसाइट वाढलेले दिसतात. इओसिनोफिल (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तर लिशमनशिवाय ओळखूच येत नाहीत. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर ते दिसू शकतात.

इंडिया इंकची गंमत शाईच्या प्रमाणात आहे. तळाचा एक थेंब, शाईचा त्याहून लहान थेंब, कव्हर स्लिप. त्यातून खाली धरलेला वर्तमानपत्राचा मजकूर वाचता आला पाहिजे. फार काळं झालं तर काहीच दिसत नाही. कधीतरी नुसती शाईही बघत जा, जुन्या बाटलीत स्वतःचीच बुरशी वाढते. लिम्फोसाइटभोवतीही पुसट पांढरी कडा दिसू शकते, पण बुरशीच्या वर्तुळाची कड धारदार असते, आत जाड भिंत आणि कुठेतरी फुटवा दिसतो. फुटवा दिसेपर्यंत मी पॉझिटिव्ह लिहीत नाही. आता क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी मिळते, दहा मिनिटांत उत्तर आणि शाईपेक्षा कितीतरी भरवशाची. पट्टी असेल तर पट्टी लावा. शाई मात्र शिकून ठेवा, पट्ट्यांचा साठा महिनाअखेरीस संपतो.

फ्रिज

दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला पहाटे २ वाजता बल्ब आला. लघवीचं कल्चर फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणून मी हाही ठेवला. त्याआधी ग्रॅमची एक स्लाइड तेवढी केली होती. सकाळी सरांनी कल्चरची प्लेट लावली, तीन दिवसांत काहीच उगवलं नाही. स्लाइडवर मात्र न्यूट्रोफिलच्या पोटात गुलाबी जोड्या होत्या, समोरासमोर ठेवलेल्या दोन राजम्यांसारख्या. मेनिंगोकॉकस थंडीने मेला होता. सर ओरडले नाहीत. स्लाइड माझ्याकडे देऊन म्हणाले, "ही जपून ठेव." अजून माझ्या खणात आहे.

तर कल्चरचा बल्ब फ्रिजमध्ये जात नाही. लगेच लावणार नसाल तर इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर, नाहीतर खोलीत. मिलीभराहून जास्त पाणी असेल तर फिरवून तळाचा भाग घ्या. प्लेटा आधी फ्रिजमधून काढून कोमट होऊ द्या. ब्लड अगार, चॉकलेट अगार, मॅकॉन्की, अशा तीन प्लेटा. पहिल्या दोन रुंद तोंडाच्या बरणीत, आत साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा पेटवून घट्ट झाकण. ज्योत आपोआप विझते आणि त्या जंतूंना हवा तेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सुवासिक मेणबत्ती नको. आमच्याकडे एकाने दिवाळीतली उरलेली लावली होती, बरणीला आठवडाभर मोगऱ्याचा वास.

ग्रॅमसाठी नवी स्लाइड घ्या, स्पिरिटने पुसून ज्योतीवरून फिरवा. थेंब पसरवू नका; तो सुकला की त्याच जागी दुसरा, मग तिसरा. जंतू कमी असतील तर एका जागी जमतात. ऑइल लेन्सवर निदान शंभर फिल्ड बघा. जांभळ्या, जवाच्या दाण्यासारख्या टोकदार जोड्या म्हणजे बहुतेक न्यूमोकॉकस. काही दिसलं की आधी फोन, रिपोर्ट नंतर टाइप होईल. काही दिसलं नाही तर 'दिसले नाहीत' असंच लिहा.

साखर आणि प्रथिनं

सीएसएफची साखर मोठ्या माणसात डेसीलिटरला साधारण ५० ते ८० मिलीग्रॅम असते, आणि ती रक्तातल्या साखरेच्या अंदाजे दोन तृतीयांश. इथेच मशीन फसवतं. एका डायबेटिसच्या आजोबांची सीएसएफ शुगर ९० आली, मशीनने पुढे काही खूण केली नाही. त्याच वेळच्या रक्तात ३१० होती. गुणोत्तर ०.२९. ०.४च्या खाली गेलं की जंतूंचा संशय घ्यायचा. आजोबांना पुवाचा मेंदूज्वर होता. म्हणून ते रक्त मागायचं, आणि ग्लुकोज चढवायच्या आधीचं मागायचं.

प्रथिनं सामान्यतः डेसीलिटरला १५ ते ४५ मिलीग्रॅम. रक्ताच्या प्रथिनांचं बाययुरेट किट इथे चालत नाही, ते ग्रॅममध्ये मोजतं. त्यावर सीएसएफ लावलं तर उत्तर शून्याजवळ येतं आणि मुलं तेच लिहून मोकळी होतात. पायरोगॅलॉल रेडचं मायक्रोप्रोटीन किट वापरा, आणि किटच्या मर्यादेच्या वर गेलं तर सलाइनने पातळ करून पुन्हा लावा. किट संपलं असेल तर ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिडचा गढूळपणा मोजता येतो. दोन्हींत रक्तमिश्रित पाणी आधी फिरवलेलं असावं. क्लोराइड अजूनही काही जुने डॉक्टर मागतात. करून द्या, वाद घालू नका, पण त्यासाठी पाणी राखून ठेवू नका. एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) दहाच्या वर असेल तर टीबीच्या बाजूने झुकतं माप पडतं, मात्र पुवाच्या केसमध्येही तो वाढतो.

टीबीसाठी सीबीनॅट (जंतूची जनुकं शोधणारी यंत्रावरची तपासणी). सीएसएफवर त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आणि तेव्हापासून आमचं काम खूप सोपं झालं. पण या पाण्यात जंतू फारच थोडे असतात. अर्धा मिली देऊन निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही, असं होत नाही. पाच-सहा मिली मागा आणि फिरवून तळाचा भाग लावा.

विदर्भात असाल तर व्हायरससाठी एक हिस्सा पहिल्यापासून वेगळा काढून ठेवा. जॅपनीज एन्सेफलायटिसचं आयजीएम (प्रतिपिंडाची तपासणी) सीएसएफवर होतं. चंडीपुरा व्हायरसचं तर नावच नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं आहे. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो सापडला, आणि पावसाळ्यात लहान मुलांना काही तासांत बेशुद्ध करणारा हाच. पुण्याला एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे) जाणारा हा हिस्सा मात्र २ ते ८ अंशांवर, आइसपॅक घालून. एकाच पाण्याचे दोन हिस्से, एकाला थंडी वर्ज्य आणि दुसऱ्याला थंडीच हवी. रात्री ३ वाजता डोकं चालत नाही, म्हणून मी फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलंय: 'व्हायरस आत, कल्चर बाहेर.'

शेवटी रजिस्टर. एलपीची वेळ, बल्ब हातात आल्याची वेळ, चेंबर भरल्याची वेळ, फोन कोणाला केला आणि किती वाजता. चेंबर एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये, मग पाण्याखाली, मग स्पिरिटने पुसून डबीत. काउंट आणि साखर-प्रथिनं झाल्यावर उरलेलं पाणी नाव, तारीख घालून फ्रिजमध्ये आठवडाभर राहू द्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना काहीतरी नवीन सुचतंच. आणि सकाळच्या पाळीला नुसतं रजिस्टर सोपवून बसस्टँड गाठू नका. मेणबत्तीच्या बरणीत कोणाची प्लेट आहे आणि कोणतं जाळं धरायला ठेवलंय, ते तोंडाने सांगून जा. नाहीतर पहाटे न हलवता ठेवलेला बल्ब साफसफाई करताना कोणीतरी हमखास उचलून हलवतं.